वंशावळीत नसलेली पणजी

यावल, फैजपूर, सावदा या तापीच्या उत्तरेकडल्या पट्ट्यात एखाद्या जुन्या शेतकरी घराची वंशावळ मागितली, तर ती बहुधा मिळते. वहीच्या पानावर, वाटणीच्या दाव्यात दाखल केलेल्या कागदावर किंवा अलीकडे जातीच्या दाखल्यासाठी तयार केलेल्या तक्त्यावर मूळ पुरुषापासून पाच-सहा पिढ्या उतरत आलेल्या असतात. मूळ पुरुषाला तीन मुलगे, मधल्याला दोन, त्यांतला एक निपुत्रिक, असा तो वृक्ष वाढत जातो आणि त्यात एकही बाई नसते. ज्यांच्या पोटी या पिढ्या जन्मल्या त्या कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी, कितव्या वर्षी गेल्या, हे त्या कागदावर कुठेच सापडत नाही. यावरून लोक सहज म्हणतात की त्या काळी बायकांची नोंदच होत नसे, तेव्हा पणजीच्या सासूचा शोध घेणे हा व्यर्थ उद्योग आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे या प्रकरणात मांडायचे आहे. एकोणिसाव्या शतकातली सामान्य बाई कागदांत येते. मालमत्तेने, धर्मकार्याने किंवा मरणाने तिचे नाव घेणे जिथे भाग पाडले, तिथे ती हमखास येते. ती दिसत नाही, कारण आपण तिला पुरुषांसाठी आखलेल्या तक्त्यात शोधतो. तिला शोधायचे तर आधी तिच्या भोवतीची माणसे आणि तिच्या आयुष्यातले प्रसंग शोधावे लागतात, आणि सासरच्या कागदांइतकेच माहेरचे कागदही उघडावे लागतात.

अडचण किती खरी आहे, हे आधी नीट पाहू. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बायकोचा शोध घेणाऱ्याला एक मोठा आधार असतो. तिथे १८५० च्या जनगणनेपासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले, आणि १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही. त्या याद्या जपल्या गेल्या. त्यांतही मोठी भगदाडे आहेत. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची मोजणी नावाशिवाय, मालकाच्या नावाखाली झाली; १८९० च्या याद्यांचा बहुतांश भाग १९२१ च्या आगीनंतर गमावला गेला. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलले की माहेरचा धागा तुटतो, ही तिथल्याही शोधकांची मुख्य तक्रार आहे. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८७२ साली आणि पुढे १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. १८८१ मध्ये खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या वर भरली. पण घरोघर भरलेले तक्ते बेरजा झाल्यावर ठेवले गेले नाहीत. छापील अहवालांत उरले ते आकडे. म्हणजे यावलची बाई त्या १२ लाखांत मोजली गेली, पण तिचे नाव तिथे नाही. त्यात अनेक घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत होती. त्यामुळे अमेरिकेतली बाई एक नाव गमावते, तर आपल्याकडची बाई कधी कधी वडिलांचे, घराण्याचे आणि स्वतःचे अशी तिन्ही नावे गमावते. तरीही शोध थांबत नाही. त्याचे मार्ग मात्र वेगळे आहेत.

पहिली गोष्ट राज्याची आणि हद्दीची. यावल हे गाव पेशवाईच्या उत्तरार्धात शिंद्यांच्या सत्तेखाली निंबाळकरांकडे होते. तिथला किल्ला आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. उरलेले बहुतेक खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले, पण यावलचा मुलूख कायमचा इंग्रजी अंमलात आला तो १८४३-४४ च्या सुमारास, ग्वाल्हेरशी झालेल्या व्यवस्थेत. त्यानंतरही यावल बराच काळ सावदा तालुक्यात मोडत असे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि यावल पूर्व खानदेशात गेले. आजच्या जळगाव जिल्ह्याचे नाव त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. ही माहिती कोरडी वाटेल, पण शोधाचा पहिला टप्पा इथेच जिंकला किंवा हरला जातो. १८६० साली यावलमध्ये राहणाऱ्या बाईचा कागद यावल तालुका, जळगाव जिल्हा या शीर्षकाखाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. तो सावदा तालुका, जिल्हा खानदेश असाच असणार, आणि बहुधा मोडी लिपीत असणार. १८४३ च्या आधीचा कागद असेल तर तो इंग्रजी कचेरीत तयार झालेला असेलच असे नाही. तो शिंद्यांच्या किंवा निंबाळकरांच्या कारभारातलाही असू शकेल. नोंद नाही असे म्हणण्याआधी ती कोणाच्या दप्तरात असायला हवी होती, हा प्रश्न विचारला पाहिजे.

आता मालमत्तेचा मार्ग. इंग्रजांची जमीनमोजणी खानदेशात आली तेव्हा तिला विरोध झाला. १८५२ मध्ये सावदा-फैजपूर भागातल्या शेतकऱ्यांनी ती अडवली आणि सरकारने लष्कर आणून विरोध मोडला. त्या मोजणीतून शेतवारपत्रके तयार झाली. खातेदार पुरुष असे, हे खरे. पण खातेदार मेला आणि मुलगे अज्ञान असले की खात्यावर विधवेचे नाव चढे. जुन्या मराठी कागदांत पुरुष ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा, असा लिहिला जातो आणि बाई ‘अमकी कोम तमका’, म्हणजे तमक्याची बायको, अशी लिहिली जाते. खानदेशात देवी, पटकी आणि पुढे प्लेगने तरुण पुरुष मरत होते. अशा प्रत्येक मरणाने एखादी बाई काही वर्षांसाठी खातेदार होत होती. १९०३ च्या मुंबईच्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफाराची नोंदवही आली. तिच्यात मयत कोण, वारस कोण, त्यांचे नाते काय, हे लिहावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या कितीतरी बायका त्यांच्या उतारवयात इथे प्रथम नावानिशी दिसतात. आणखी एक खाण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वाटा दिला. त्यानंतर भाऊ किंवा बाप मेला की वारसनोंदीत बहिणींची नावे आली आणि पुष्कळदा लगेच त्यांची हक्कसोडपत्रेही झाली. हक्क सोडण्याचा तो कागद त्या बाईचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव एकत्र सांगतो. जमिनीचा वाटा गेला, पण ती कोणाची लेक आणि कोणाची सून हे जोडणारा दुवा त्या कागदात टिकला.

जन्ममृत्यूच्या नोंदींचा विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली तर बराच वेळ वाचतो. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि महसूल दप्तरात जी गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते, जन्माची नोंद बापाच्या नावाने होते. अमक्यास मुलगी झाली, एवढेच. कारण बारशाआधीच नोंद झाली तर मुलीला अजून नाव नसते. म्हणून पणजीचा जन्म शोधणारा निराश होतो. मरणाच्या नोंदीचे तसे नाही. मेलेल्या माणसाचे नाव असते, वय असते, मरणाचे कारण असते. बाई असेल तर नवऱ्याचे किंवा मुलाचे नाव असते. म्हणजे जी बाई वहीत जन्माने सापडत नाही ती मरणाने सापडण्याची शक्यता जास्त. वयावर मात्र फार विसंबू नये. जुन्या नोंदींत वये चाळीस, पन्नास, साठ अशा ठोकळ आकड्यांवर गोळा होतात, हे शिरगणतीच्या तक्त्यांतही दिसते. पन्नास लिहिले असेल तर पंचेचाळीस ते पंचावन्न समजावे आणि थोरल्या मुलाच्या वयाशी ताडून पाहावे. मरणाच्या नोंदीवरून जन्माचा काळ ठरवायचा, आणि मग त्या काळातली बापाच्या नावाची नोंद माहेरच्या गावी शोधायची, असा हा उलटा प्रवास आहे. त्यासाठी माहेर कोणते हे कळायला हवे, आणि ते सांगणारा पुरावा कचेरीबाहेर आहे.

धर्मकार्याचा मार्ग इथे कामी येतो. श्राद्धविधीत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांची नावे घ्यावी लागतात. आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्याही येतात. म्हणजे वंशावळीने गाळलेल्या तीन पिढ्यांच्या बायका विधीला हव्या असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यजमान कोणत्या गावचा, कोणाबरोबर आला, कोणाचे कार्य केले, हे लिहिलेले असते. आईच्या अस्थी घेऊन गेलेला मुलगा तिथे आईचे नाव सांगितल्याशिवाय परतत नाही. ज्या घरांत पक्षपंधरवड्यातली अविधवा नवमी पाळतात, तिथे ती कोणासाठी पाळतात हे विचारले तर आणखी एक धागा हाती येतो: ती बाई नवरा जिवंत असताना गेली. त्यावरून नवऱ्याच्या मृत्यूची नोंद सापडली की तिच्या मरणाची पुढची सीमा ठरते. खानदेशात आखाजीला पूर्वजांच्या नावाने घागर भरतात आणि अनेक घरांत एकेका पूर्वजाचे नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचे बोट उमटवतात. त्या वेळी कोणाकोणाची नावे घेतली जातात, हे दर वर्षी कोणीतरी लिहून ठेवले तर घराघरात एक नोंदवही तयार होईल. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, म्हणून विचारायलाही तोच सण उत्तम.

मुसलमान घरांत हा शोध एका बाबतीत सोपा होतो. निकाह हा करार असल्याने काझीच्या वहीत नवरीचे स्वतःचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि मेहेरची रक्कम यांची नोंद अपेक्षित असते; १८८० मध्ये काझींच्या नेमणुकीचा कायदा झाला. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मुसलमान तडवींची वस्ती मोठी आहे, तिथे जुन्या निकाहाच्या वह्या कोणाकडे आहेत हे आधी विचारावे. हिंदू शेतकरी जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या किंवा टाकलेल्या बाईच्या दुसऱ्या लग्नाची, रीत अनेक ठिकाणी होती. वंशावळीत यामुळे मोठा गोंधळ होतो: एकाच बाईची मुले दोन घराण्यांच्या वृक्षांवर असतात आणि ती दोन्हींवर नसते. पण १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने दुसरे लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. त्यामुळे दीर-भावजयींचे दावे दिवाणी कोर्टांत गेले. कोर्टात गेलेल्या बाईला नाव, वय, गाव आणि आपली बाजू सांगावी लागे. सामान्य बाईचे बोलणे ज्या थोड्या सरकारी कागदांत उतरले, त्यांत हे दावे येतात.

माहेर शोधण्याचा सर्वांत पक्का आधार मात्र सोयरिकीचा आहे. या भागातल्या लेवा पाटीदार समाजात पूर्वज गुजरातेतून आल्याची परंपरा सांगितली जाते. गुजरातेत वहीवंचा बारोट, म्हणजे वंशावळी लिहून ठेवणारे भाट, आपल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालवत आले, आणि ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ या अभ्यासकांनी १९५० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. अशा वह्यांत मुख्य ओळ पुरुषांचीच असते, पण सून कोणत्या गावची हेही पुष्कळदा येते, कारण सोयरीक कोणाशी झाली यावर घराण्याची पत ठरत असे. वह्या नसल्या तरी सोयरिकीची गावे ठरलेली असत. बैलगाडीच्या काळात यावलच्या घराने दिल्या-घेतल्या मुली बहुतेक यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या टापूतच असणार. एका घरातल्या पाच-सहा सुनांची माहेरे लिहिली की तीच ती तीन-चार गावे पुन्हापुन्हा येतात, आणि जिचे माहेर कोणालाच आठवत नाही तिचा शोध मग शंभर गावांऐवजी चार गावांत घ्यायचा असतो.

ही पद्धत किती पुढे नेऊ शकते आणि कुठे अडते, हे पाहायला या परिसरात एक लख्ख उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, महाजन घराण्यातल्या. १८८० चा जन्म, लहानपणीच जळगावच्या चौधरी घरात नथूजींशी लग्न, तरुणपणी वैधव्य, शेतीचे कष्ट, अक्षरओळख नाही. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. कागदाच्या हिशेबाने त्या त्यांच्या पिढीतल्या हजारो शेतकरी बायकांसारख्याच. तरीही आज त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी, आईचे भिमाई, घमा, गना, घना हे भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी, हे सगळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. कारण त्या रचत आणि म्हणत असलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली, आणि मग लोकांना त्या बाईविषयी विचारावेसे वाटले. विचारल्यावर उत्तरे मिळाली. त्या नावांसाठी कोणते गुप्त दप्तर उघडावे लागले नाही. घरच्यांना ती माहीत होती. असोद्यात १८८० च्या आसपास जन्मलेल्या इतर मुलींच्या भावा-बहिणींची नावेही त्यांच्या घरच्यांना तशीच माहीत होती. फरक एवढाच की त्यांच्याबद्दल कोणी विचारले नाही.

याच उदाहरणात पुरावा तपासण्याचा धडाही आहे. बहिणाबाईंची जन्मतारीख २४ ऑगस्ट १८८० अशी सर्वत्र दिली जाते, आणि त्या नागपंचमीला जन्मल्या असेही सांगितले जाते. दोन्ही गोष्टी पंचांगावर ठेवून पाहू. ७ जुलै १८८० ला सूर्यग्रहण होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. पुढची अमावास्या ६ ऑगस्टच्या सुमारास, आणि त्यानंतरची श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे आपली नागपंचमी, १० किंवा ११ ऑगस्टला येते. २४ तारखेशी तिचा मेळ बसत नाही. म्हणून परंपरा खोटी ठरवायची का? घाई करू नये. गुजरातेत नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला पाळतात, आणि १८८० साली ती तिथी नेमकी २४-२५ ऑगस्टला पडते. गुजरातेतून आल्याची परंपरा सांगणाऱ्या समाजात ती रीत कुणा घरी टिकली होती का, की तिथी आणि तारीख दोन वेगळ्या वाटांनी येऊन नंतर एकत्र सांगितल्या गेल्या, हा आता नेमका विचारता येण्याजोगा प्रश्न झाला. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण शोध कसा चालतो ते यातून दिसते: एक स्मृती घ्यायची, तिला स्वतंत्र मोजमापाशी भिडवायचे, आणि जिथे खटका उडतो तिथे पुढचा प्रश्न शोधायचा.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. स्मृतीवर विसंबून इतिहास लिहायचा का? माणसे तीन पिढ्यांपलीकडचे विसरतात, आत्या आणि आजी यांची गल्लत करतात, घराण्याला शोभेल ते जोडतात. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक माहितीवर तिची जात लिहिली पाहिजे: ही कागदात पाहिलेली, ही सांगितलेली, ही अनुमानाने काढलेली. तिन्ही एकाच शाईने लिहिल्या की वंशावळ दंतकथा होते. पण स्मृतीचे दोष सांगणाऱ्याने तिचे बळही पाहावे. बायकांची स्मृती माहेराच्या बाबतीत विलक्षण चोख असते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यांत भाऊ, भाचे, वाटेवरची गावे, बाजाराची ठिकाणे पुन्हापुन्हा येतात. आणि तारखा आठवत नसल्या तरी प्रसंग आठवतात. छपन्नचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००, प्लेग म्हणजे १८९६ नंतरची वर्षे, मानमोडीची साथ म्हणजे १९१८. यावल तालुक्यातच असलेल्या फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन म्हणजे डिसेंबर १९३६. आजी फैजपूरच्या काँग्रेसच्या साली वारली, हे वाक्य मृत्यूच्या वहीत कोणती पाने उलटायची ते सांगते. स्मृती आणि कागद हे एकमेकांचे पर्याय नाहीत. स्मृती कुठे शोधायचे ते दाखवते, कागद ती खरी की खोटी ते सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ही सगळी साधने जमीन असलेल्यांची, तीर्थयात्रा परवडणाऱ्यांची, भाट ठेवणाऱ्यांची. शेतमजूर, भटके, सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल यांच्या बायकांचे काय? हा आक्षेप मोठ्या प्रमाणात मान्य केला पाहिजे. जमिनीच्या दप्तरावर उभा केलेला शोध भूमिहीनांपाशी थांबतो, आणि तिथे आजही सांगितलेली माहिती हाच मुख्य आधार आहे; ती पाड्यापाड्यांत जाऊन, त्यांच्याच बोलीत नोंदवावी लागेल. मात्र गरीब म्हणजे नोंद नाही, हे समीकरण सरसकट खरे नाही. राज्याला ज्यांच्यावर नजर ठेवायची असते त्यांची नोंद ते बारकाईने करते. १८३४ नंतर मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, त्यांत कोकणातले अधिक. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून अनेकांची छायाचित्रे. कोकणातल्या एखाद्या खेड्यातली जी मजूर बाई मॉरिशसला गेली तिचा चेहराही आज पाहायला मिळू शकतो. तिच्या गावात राहिलेल्या खोताच्या बायकोचे नावही कदाचित मिळणार नाही. ती नोंद मायेपोटी झालेली नाही, मजूर पळू नयेत म्हणून झालेली आहे. पण शोधकाने नोंद का झाली हे समजून घेऊन तिचा उपयोग करायचा असतो. तुरुंग, दवाखाने, दुष्काळी कामे, मिशनच्या शाळा यांच्या वह्याही याच नजरेने पाहाव्या लागतील.

तिसरा आक्षेप उपयुक्ततेचा. पणजीच्या सासूचे नाव कळून काय साधणार? मोठ्या घटना तर राजे, सेनापती आणि पुढारी यांच्याच. याला उत्तर इतिहासाच्या कामातूनच मिळालेले आहे. अमेरिकेतल्या मेन प्रांतात हॅलोवेल गावी मार्था बॅलर्ड नावाची सुईण १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहीत होती. ती रोजनिशी क्षुल्लक घरगुती तपशिलांनी भरलेली म्हणून दुर्लक्षित राहिली. लॉरेल थॅचर अल्रिक यांनी त्याच तपशिलांतून बाळंतपणे, विणकाम, देणी-घेणी, गावातले बायकांचे अर्थव्यवहार असे एक पूर्ण जग उभे केले. १९९० च्या त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही तेच होऊ शकते. यावलमध्ये एकेकाळी हातकागद आणि नीळ तयार होत असे, तापीकाठी कापसाची शेती वाढत होती, १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. या बदलांचा भार घराघरात कोणावर पडला, लग्नाची वये आणि माहेरची अंतरे बदलली का, दुष्काळात कोण मेले, हे खातेदारांच्या यादीवरून कळत नाही. पन्नास घरांतल्या बायकांची माहेरे, वये आणि मरणे जुळवली तर कळेल. वि. का. राजवाडे खेडोपाडीचे वाडे धुंडाळून कागद जमवत फिरले, १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचा देह पडला, आणि पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद घराघरात पडलेला आहे आणि तो मागितला पाहिजे, हा त्यांचा वारसा खानदेशाच्या दारातच आहे. तो आता सामान्य बायकांच्या इतिहासासाठी वापरायला हवा.

हे सांगण्याची घाई आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण, गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जुने महसुली कागद पूर्वी कधी नव्हते इतके उघडले गेले. जातीच्या दाखल्यांसाठी लोक तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत जात आहेतच. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तर कुणबी नोंदींसाठी मोडीतली असंख्य पाने तपासली गेली. पण दाखल्याला बापाची ओळ पुरते. म्हणून लोक एका नावापुरती नक्कल काढतात आणि त्याच पानावरची आजी, तिच्या नणंदा, तिच्या मुली तशाच सोडून वही मिटतात. नक्कल पूर्ण पानाची घ्यावी, त्यातले प्रत्येक बाईचे नाव लिहून घ्यावे, आणि नवी वंशावळ करताना प्रत्येक पुरुषाशेजारी बायकोचे नाव, तिचे माहेर आणि तिच्या आईबापांची नावे यांसाठी जागा ठेवावी. माहिती नसेल तर जागा कोरी राहू द्यावी. कोरी जागा पुढच्या शोधकाला प्रश्न विचारते, गाळलेली जागा काहीच विचारत नाही. दुसरे कारण वयाचे आहे. १८८० मध्ये जन्मलेली बाई १९५० पर्यंत जगली असेल, तर १९४० मध्ये जन्मलेली नात तिच्या मांडीवर बसलेली आहे. ती नात आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बायकांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या तोंडून त्यांच्या माहेराबद्दल ऐकलेली ही शेवटची पिढी आहे. दप्तरातले कागद अजून काही वर्षे टिकतील, पण ते कोणाचे आहेत हे सांगणाऱ्या बाया फार दिवस नाहीत. म्हणून सुरुवात कचेरीतून न करता घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून करावी, आणि तिला पहिला प्रश्न तिच्या आजीच्या माहेराचा विचारावा.